शेल्टरमध्ये जुना झालेला, आजारी कुत्रा आणि न मिळणारं फॉस्टर घर: नेमकं अडतंय कुठे?

काही कुत्र्यांची पोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फिरते. फोटो तोच, मजकूर तोच, शेवटी जोडलेले हातही तेच. मागचे पाय लुळे पडलेली कुत्री, फिट येणारा कुत्रा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, किंवा माणूस दिसला की कोपऱ्यात अंग चोरून बसणारा. पिल्लं येतात आणि आठवड्याभरात घरी जातात. हा वर्ष उलटलं तरी तिथेच. तोपर्यंत शेल्टरमधल्या प्रत्येकाचा ठाम समज झालेला असतो, की याला काही कोणी नेत नाही.

फॉस्टर घरं, म्हणजे कुत्र्याला दत्तक न घेता काही काळ सांभाळणारी घरं, शोधताना मला आजाराइतकाच हा समजही नडतो. सांभाळायला तयार असणारी माणसं नसतात असं नाही. आपण मागतो एक आणि त्या माणसाला प्रत्यक्षात करावं लागतं भलतंच. आपण लिहितो "मायेचं घर हवं", पण सकाळी सहा वाजता उठून नेमकं काय करायचं आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. कळलं नाही की माणूस सगळ्यात वाईट तेच धरून चालतो आणि पुढची पोस्ट बघतो.

म्हणून आधी एवढं ठरवा, की तुमचा शोध कुठल्या टप्प्यावर अडतोय. पोस्ट भरपूर शेअर होते पण फोन येत नाही, ही एक अडचण. फोन येतात आणि माणसं मग गप्प होतात, ही वेगळी. कुत्रा जातो आणि चौथ्या दिवशी परत येतो, ही तिसरी. फॉस्टर मिळतो पण काही महिन्यांत थकून जातो, ही चौथी. चारही ठिकाणी आपण एकच औषध देतो, "अजून शेअर करा", आणि ते खरं तर पहिल्या ठिकाणीसुद्धा फारसं लागू पडत नाही.

आधी फाइल उघडा

जास्त दिवस राहिलेल्या कुत्र्याची फाइलसुद्धा तितकीच जुनी असते. "आक्रमक", "इतर कुत्र्यांशी जमत नाही", "फक्त अनुभवी घर" असे शेरे एकदा पडले की पुसले जात नाहीत. तो शेरा कोणी, कधी आणि कुठल्या प्रसंगावरून लिहिला ते शोधा. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, जाळीच्या पलीकडून दुसरा कुत्रा भुंकत असताना, हा खाण्यावर असताना लिहिलेला शेरा घरातल्या वागण्याबद्दल काहीच सांगत नाही. केनेलच्या, म्हणजे शेल्टरमधल्या पिंजऱ्याच्या, जाळीवर झेप घेऊन भुंकणारे कितीतरी कुत्रे बाहेर पट्ट्यावर दुसऱ्या कुत्र्याच्या शेजारून शांतपणे चालतात.

मग डॉक्टरांकडून नव्याने तपासणी. विशेषतः "चिडका" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याची. दात किडलेले असतात, कान आतून सुजलेले असतात, कंबर किंवा गुडघे दुखत असतात, आणि कुत्रा दुखतंय म्हणून विव्हळत बसत नाही. हात लावला की गुरगुरतो, उठायला नकार देतो, पायरी टाळतो. अशा वेळी डॉक्टर काही दिवस वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते बघू शकतात, आणि कधीकधी एवढ्यानेच "स्वभाव" बदलतो. (घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका. दोन्ही गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. फॉस्टरलाही हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण लंगडणारा कुत्रा बघून दयाळू माणसाचा हात आधी औषधाच्या डब्याकडेच जातो.)

तिसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याला एक दिवस शेल्टरच्या बाहेर काढा. कोणाच्या तरी घरी, ऑफिसात, नुसतं गाडीत बसवून बागेपर्यंत. तो गाडीत उलटी करतो का, जिना चढतो का, दार उघडं दिसलं की धाव घेतो का, एकटा ठेवला की रडतो का, हे केनेलमध्ये वर्षभर बघूनही कळत नाही आणि बाहेर एका दुपारी कळतं. फॉस्टरला द्यायची खरी माहिती हीच.

शेअर शेकडो, फोन शून्य

पोस्टचा मजकूर वाचून बघा. त्यात किती वाक्यं कुत्र्याच्या दुर्दैवाबद्दल आहेत आणि किती त्याच्या दिवसाबद्दल? दुर्दैवाची गोष्ट वाचून लोक हळहळतात आणि शेअर करतात. हळहळ व्यक्त करण्याची ती सोपी वाट आहे. फोन करायचा तर माणसाला आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळांत तो कुत्रा दिसावा लागतो.

मी पोस्ट अशी लिहायला सांगते:

"राणी. अंदाजे 6 वर्षांची, 17 किलो. मागचे पाय चालत नाहीत. दिवसातून 4 वेळा तिचं मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं. हात बसला की एका वेळेला पाच मिनिटं पुरतात. रात्री सात तास झोपते. अंथरूण रोज बदलावं लागतं. मांजर चालतं, मोठ्या कुत्र्यांवर गुरगुरते. कुशीत येऊन बसणाऱ्यांतली नाही, पण आपण ज्या खोलीत असू तिथे सरकत येते. दोन आठवड्यांसाठी जागा हवी. औषधं, डायपर, डॉक्टर सगळं आमच्याकडून. शिकवायला आम्ही येऊ आणि दोन आठवडे झाले की न्यायलाही आम्हीच येऊ."

यात माया हा शब्द कुठेही नाही. अंथरूण रोज बदलावं लागतं हे लपवलेलं नाही, कारण ते वाचून जो मागे सरतो तो तिसऱ्या दिवशी तसाही परत आणून देणार होता. "दोन आठवडे" आणि "न्यायला आम्हीच येऊ" ही दोन वाक्यं मात्र सगळ्यात जास्त काम करतात. "फॉस्टर हवा" एवढंच लिहिलं की वाचणारा मनात त्याचं भाषांतर "कायमचा गळ्यात पडणार" असंच करतो, आणि खरं सांगायचं तर अनेक ठिकाणी त्याचा तोच अनुभव असतो. खर्च कोण करणार हेही पोस्टमध्येच असावं. विचारायला लोक संकोचतात, आणि संकोचलेला माणूस फोन करत नाही.

फोटोबद्दल थोडंच. जाळीच्या आडून काढलेला नको. कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, बाहेरच्या उजेडात काढा. व्यंग लपवू नका, पण फक्त तेच दाखवू नका. त्याहून उपयोगी म्हणजे औषध देतानाचा किंवा चाकगाडी बांधतानाचा अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ. लोकांच्या मनात जे चित्र असतं त्याच्यापेक्षा खरं काम बहुतेकदा सोपं असतं, आणि ते सांगून पटत नाही, दिसावं लागतं.

विचारायचं कोणाला, हाही प्रश्न आहे. प्राणिप्रेमींच्या त्याच ग्रुपांवर तीच पोस्ट टाकली तर तीच माणसं वाचतात, आणि त्यांची घरं आधीच भरलेली असतात. त्याऐवजी ज्याला त्या कामाची भीती नाही असा माणूस शोधा. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलेले लोक यांना डायपर आणि गोळ्यांच्या वेळा ऐकून काही वाटत नाही. ज्यांच्या स्वतःच्या कुत्र्याला फिट यायच्या आणि तो आता नाही, अशी घरं डॉक्टरांना माहीत असतात. डॉक्टरांनाच विचारायला सांगा, त्यांनी विचारलेलं वेगळं पडतं. घरून काम करणारे, निवृत्त जोडपी, बदलीची नोकरी असल्यामुळे दत्तक घेऊ न शकणारे. बहिऱ्या कुत्र्यासाठी खाणाखुणांची भाषा रोज वापरणारं घर मिळालं तर त्याहून बरं काय?

फोन आला, माणूस गप्प झाला

इथे दोष सहसा आपल्या बाजूचा असतो. शनिवारी रात्री कोणीतरी उत्साहात फोन करतं, आपण त्याला चार पानी फॉर्म पाठवतो आणि बुधवारी उत्तर देतो. तोवर घरातल्या कोणीतरी "कशाला हवंय हे लचांड" म्हटलेलं असतं. पहिला फोन आला की त्याच दिवशी बोला आणि त्याच आठवड्यात भेट ठरवा. फॉर्म नंतर भरता येतो.

आणि मागणी लहान करा. "घेऊन जा" याच्या आधी तीन-चार पायऱ्या असू शकतात: येऊन भेटा, एकदा फिरवून आणा, एक दुपार घरी न्या, एक रात्र ठेवून बघा. एका रात्रीने काय होतंय, उलट बिचारा परत आल्यावर आणखी खचेल, असा आक्षेप शेल्टरमधूनच येतो. याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या 207 कुत्र्यांवरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक-दोन रात्री घरी राहिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घरी असताना उतरलेलं दिसलं. शेल्टरमध्ये परतल्यावर ते पुन्हा चढलं, पण आधीच्या पातळीइतकंच, त्याहून वर नाही. त्याच धर्तीवर 2023 मध्ये 51 शेल्टरची आकडेवारी आली. थोड्या वेळासाठी बाहेर फिरून आलेले कुत्रे दत्तक जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 5 पट, आणि तात्पुरतं घरी राहून आलेल्यांची 14 पटींहून अधिक निघाली. फिरायला निवडलेले कुत्रे मुळातच सोपे असण्याची शक्यता धरली तरी फरक मोठा आहे. बाहेर गेला की कुत्रा दहा नव्या माणसांना दिसतो, हे त्यामागचं साधं कारण असावं.

हातानं करायचं काम हातानंच शिकवा. मूत्राशय रिकामं करणं घ्या. भावी फॉस्टरला कुत्र्याच्या मागे गुडघ्यावर बसवायचं, त्याचे दोन्ही तळवे पोटाच्या मागच्या भागात दोन बाजूंनी ठेवायचे, आणि आतला पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा गोळा त्याला स्वतःला सापडेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा सापडत नाही. मग आपला हात त्याच्या हातावर ठेवून हळूहळू, सारखा दाब. धार लागली की त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली दिसते. एक गोष्ट इथेच सांगून ठेवायची: लुळ्या कुत्र्याची लघवी गळतेय म्हणजे मूत्राशय रिकामं झालंय असं नाही. कित्येकदा ते काठोकाठ भरलेलं असतं म्हणूनच गळतं. "ती आपली आपण करते हो" असं फॉस्टर आनंदाने सांगतो, आणि आत साठलेल्या लघवीला जंतुसंसर्ग झालेला असतो. घाण वास, गढूळ किंवा तांबूस लघवी दिसली तर त्याच दिवशी फोन. आणि ज्या कुत्र्याची लघवीची वाट आवळलेली राहते त्याला जोर लावून दाबायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

गेला आणि परत आला

ही सगळ्यात जिव्हारी लागणारी अडचण, आणि सगळ्यात जास्त शिकवणारीही. परत आणणाऱ्यावर चिडू नका. त्याला "का परत देताय?" असं विचारलं तर तो ओशाळून "घरात अॅलर्जी निघाली" असं काहीतरी सांगून मोकळा होईल. त्याऐवजी विचारा, दिवसातल्या कुठल्या वेळी सगळ्यात कठीण जायचं? रात्री किती वाजता उठावं लागायचं? पहिल्यांदा "हे काही जमणार नाही" असं कधी वाटलं? उत्तरं नेमकी येतात. रात्री अडीचला भुंकतो. दूधवाला आला की दारावर झेप घेतो. मी अंघोळीला गेले की दार खरवडतो. ही अडचण झाली, आणि अडचणीवर उपाय असतो. "जमलं नाही" यावर काही करता येत नाही.

अनेक कुत्रे पहिल्या तीन दिवसांत परत येतात, आणि त्यामागे आजारापेक्षा घर या जागेचीच अनोळख असते. वर्षानुवर्षं खरबरीत सिमेंटवर राहिलेल्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवर उभं करून बघा. चारही पाय चार दिशांना जातात, नखं रोवायला जागा मिळत नाही, तो पोटावर बसतो आणि तिथून हलतच नाही. खाणं दोन हातांवर ठेवलेलं असतं तरी जात नाही. घरच्यांना वाटतं, हा खचलाय, याला शेल्टरच आवडतं. दारापासून बिछान्यापर्यंत, बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या किंवा योगाच्या मॅटचे तुकडे अंथरले की तासाभरात तो उठून चालायला लागतो. कुत्र्याबरोबर हे तुकडे आपणच पाठवावेत. त्याचप्रमाणे मिक्सरचा आवाज, टीव्ही, पंखा, आरसा, जिना, हे सगळं त्याला नवीन असतं. केनेलमध्ये जिथे झोपला तिथेच लघवी करायची सवय लागलेली असते, म्हणून पहिले काही दिवस त्याला पिल्लू समजूनच दर दोन तासांनी बाहेर न्यायचं.

शेल्टरच्या कामात 3-3-3 असा एक ठोकताळा वापरतात: तीन दिवस बावरलेले, तीन आठवडे दिनक्रम कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हे शास्त्र नव्हे, जास्त दिवस राहिलेल्या कुत्र्याला कधी यापेक्षा वेळ लागतो. पण फॉस्टरला आधी सांगितलेलं असलं की तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटत नाही. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, अंघोळ नको, गच्चीवर पार्टी नको. शेजारची मुलं "नवा कुत्रा" बघायला येतात, त्यांना दारातूनच वाटेला लावायचं.

घाबरट कुत्र्याबाबत सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा, तोही पहिल्या काही दिवसांत. मान मागे खेचून पट्ट्यातून डोकं काढायला त्याला क्षण पुरतो. म्हणून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि न निसटणारा गळपट्टा, दोन्हींना वेगवेगळी दोरी. दार उघडण्याआधी दोरी हातात. आणि घरात जाण्याआधी मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीत सध्याचा चालू फोन नंबर आहे ना ते बघणं. चिप असते, पण नोंदवलेला नंबर जुन्या कार्यकर्त्याचा असतो, हे फार वेळा दिसतं.

फिट येणारे कुत्रे परत येतात ते पहिल्या फिटनंतर, आणि त्याचं कारण आपण "कधीकधी फिट येते" एवढंच सांगितलेलं असतं. पूर्ण सांगा. कुत्रा झोपेतच ताठ होतो, मान मागे जाते, चारही पाय पोहल्यासारखे चालायला लागतात, जबडा कटकट वाजतो, फेस येतो, लघवी-शी होते. डोळे उघडे असतात पण ते बघत नसतात. बहुतेकदा एक-दोन मिनिटांत हे थांबतं. तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही, जीभ गिळली जात नाही. आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवायची, दिवे-आवाज कमी करायचे आणि घड्याळ बघायचं. फिट 5 मिनिटांच्या पुढे गेली, किंवा 24 तासांत दुसरी आली, तर तातडीने डॉक्टर.

खरी भीती पुढे असते आणि तीच सांगायची राहून जाते. थांबल्यानंतर कुत्रा उठतो, भिंतीवर आपटतो, घरभर गोल गोल फिरत राहतो, हाक मारली तर ओळखत नाही, खाण्यावर तुटून पडतो, काही वेळ त्याला दिसतही नसतं. रात्री तीन वाजता एकट्या माणसाला वाटतं की कुत्रा वेडा झाला. हे फिटचंच उरलेलं आहे, काही तासांत ओसरतं, कधी दिवसभर रेंगाळतं, एवढं एक वाक्य आधी कानावर पडलेलं असेल तर तो सकाळपर्यंत थांबतो.

गोळ्यांचंही तसंच. फेनोबार्बिटल ही फिटची गोळी सहसा दर 12 तासांनी द्यावी लागते आणि ती अचानक बंद केली तर फिट उलट जोरात येतात. म्हणून "आता महिनाभर आली नाही, बंद करून बघितली" असं होऊ द्यायचं नाही. सुरुवातीला त्याने कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, तहान-भूक वाढते, लघवी वाढते. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर खाण्यातलं मीठ एकदम बदलायचं नाही. मीठ वाढलं की ते औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं. कोणीतरी प्रेमाने भरवलेल्या खारट चिप्सचा फिटशी संबंध असू शकतो, हे फॉस्टरच्या घरातल्या आजीलाही माहीत हवं.

बाकीच्या आजारांचं थोडक्यात

तीन पायांच्या कुत्र्याला मी विशेष गरजांच्या यादीत धरतच नाही. वजन आटोक्यात, पायाखाली घसरण नको, एवढं पुरतं. पोस्टमध्ये "अपंग" लिहून आपणच त्याचं गिऱ्हाईक घालवतो.

आंधळ्या कुत्र्याच्या घरात सामान हलवायचं नाही, हात लावण्याआधी आवाज द्यायचा, आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचं. बहिऱ्याला मोकळ्या जागेत कधीच सोडायचं नाही, आणि झोपेतून उठवताना जमिनीवर पाय आपटून किंवा नाकापाशी हात नेऊन उठवायचं. अंगाला अचानक हात लावला की दचकून दात लागू शकतात, मग फाइलवर "चावतो" असा शेरा पडतो.

मधुमेही कुत्र्याचं काम दिसतं तेवढं अवघड नाही: दिवसातून दोनदा, 12 तासांच्या अंतराने, खाऊन झाल्यावर इंजेक्शन. पण सिरिंज तपासाच. इन्सुलिन एका मिलिलिटरला 40 युनिटचं की 100 युनिटचं, त्याप्रमाणेच सिरिंज लागते. 100 च्या इन्सुलिनला 40 ची सिरिंज वापरली तर डोस अडीच पट जातो. कुत्रा जेवला नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. अंग थरथरतंय, पाय लटपटतात, ढेपाळलाय असं दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळून लगेच निघायचं.

अन्ननलिका सैल पडलेल्या कुत्र्यासाठी मात्र घर निवडूनच घ्यावं लागतं. त्याला सरळ उभ्या स्थितीत, खास उंच खुर्चीत बसवून भरवायचं आणि नंतरही वीस-एक मिनिटं तसंच ठेवायचं, प्रत्येक वेळी. कोणी एक दिवस टाळलं आणि अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियावर जातं. घाईत ऑफिस गाठणाऱ्या घराला हे देऊ नका, कितीही प्रेमळ असो.

फॉस्टर थकला तर

चांगला फॉस्टर एकदम "घेऊन जा" म्हणत नाही. आधी त्याचे मेसेज कमी होतात, मग फोटो येणं थांबतं. सगळं ठीक चाललंय असं समजून आपणही फोन करत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड आणि नंतर आठवड्याला एकदा फोन करा, आणि "कुत्रा कसा आहे" याच्याआधी "तुमची झोप होतेय का" असं विचारा.

कुत्र्यामागे एकच घर असू नये. सुरुवातीपासून एक बदली माणूस तयार ठेवा, ज्याला औषधं आणि हातकाम शिकवलेलं आहे, म्हणजे फॉस्टरला लग्नाला जाता येतं, आजारी पडता येतं. कामं वाटता येतात: कोणी चादरी धुऊन आणतं, कोणी डॉक्टरांकडे नेतं, कोणी फक्त संध्याकाळचा फेरा मारतं. ज्यांना कुत्रा घरी ठेवणं शक्य नाही पण मदत करायची आहे त्यांनाही यात जागा मिळते. आणि ठरलेली तारीख पाळा. दोन आठवडे म्हणून दिलेल्या कुत्र्यासाठी तेराव्या दिवशी आपण होऊन विचारा, पुढे ठेवणार की घेऊन जाऊ? बरेच जण ठेवतात. पण आपण तोंड चुकवलं तर तो माणूस पुढच्या कुत्र्याला कधीच हो म्हणत नाही, आणि ओळखीच्या दहा जणांना सांगतो ते वेगळंच.

फॉस्टरनेच दत्तक घेतला तर उत्तम, फक्त त्या घरातली फॉस्टरची जागा आता गेली हे यादीत लिहून ठेवा.

घर हे उत्तरच नसेल तर

प्रत्येक कुत्र्याला घर मिळतंच असं मी म्हणणार नाही. चावण्याचा इतिहास असेल तर तो जसाच्या तसा सांगावा लागतो. यासाठी कुत्र्यांच्या वागणुकीचे जाणकार, पशुवैद्य इयन डनबार यांची चाव्यांची सहा पातळ्यांची मोजपट्टी कामाची आहे: नुसतं दात दाखवून अंगावर जाणं आणि दात त्वचेला लागूनही जखम न होणं या खालच्या दोन पातळ्या एका बाजूला, आणि खोल किंवा अनेक जखमा करणाऱ्या वरच्या पातळ्या दुसऱ्या बाजूला. "चावतो" या एका शब्दात दोन्ही कोंबले की पहिल्याचं उगाच नुकसान होतं आणि दुसऱ्याचं लपवल्याने कोणाचं तरी मूल जखमी होतं. वरच्या पातळीचा कुत्रा "पुरेसं प्रेम मिळालं की सुधारेल" असं सांगून साध्या घरात द्यायचा नाही. मजबूत जाळीचं तोंडबंद घालायची सवय, वागणुकीच्या जाणकाराचा सल्ला आणि एकामागे एक दोन दारांची सोय असलेलं घर मिळालं तरच विचार करायचा.

तोवर शेल्टरमध्येच त्याचा दिवस बदलता येतो. ऑफिसच्या खोलीत टेबलाखाली बिछाना, ठरावीक दोन माणसं, रोज शेल्टरच्या बाहेर एक चक्कर. ज्या कुत्र्याच्या वेदना औषधांनी आटोक्यात येत नाहीत त्याच्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला हवं; त्याला घराघरांतून फिरवत ठेवणं त्याच्या भल्याचं नाही.

घर मिळालं की

त्याच दिवशी जुन्या पोस्टवर "घर मिळालं" असं लिहा, नाहीतर पुढे सहा महिने ती फिरत राहते आणि तुमच्या दुसऱ्या कुत्र्यांच्या पोस्टवरचा लोकांचा विश्वास कमी होतो. फाइलमधले जुने शेरे खोडून फॉस्टरकडून आलेलं नवं वर्णन घाला: काय खातो, कोणाला घाबरतो, किती वाजता झोपतो. आणि ज्यांनी "आत्ता नाही, मुलाची परीक्षा झाली की बघू" असं म्हटलं होतं त्यांची नावं तारखेसकट वहीत उतरवून ठेवा. परीक्षा संपली की पुढच्या कुत्र्यासाठी पहिला फोन त्यांनाच करायचा.